पहिली धार देवाची

चांद्याला मी वाऱ्याचे फुगे सोडण्याच्या नोकरीत होतो. रोज सकाळी रबरी फुग्यात हायड्रोजन भरायचा, तो आकाशात सोडायचा आणि दुर्बिणीतून बघत वरचा वारा कुठे चाललाय ते लिहायचं. हायड्रोजन व्हायचा कॉस्टिक सोड्यापासून, आणि तो सोडा म्हणजे साक्षात जमदग्नी. मी रुजू होण्याआधीच त्याच्या उडालेल्या एका थेंबाने आमच्या शिपायाचा डावा डोळा गेला होता. शिपाई वैनगंगेकाठच्या मासेमार घरातला, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. मी त्याला भाऊ म्हणायचो. दुसरा डोळा जपा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी रोज सोड्याच्या भांड्यावर वाकायचा तोच. मी काय, लिहिणारा साहेब. मला लाज वाटायची, आणि लाज वाटली की मी चिडतो.

त्या हिवाळ्यात ठरवलं, सोडा हद्दपार करायचा. तापलेल्या तांब्यावरून दारूची वाफ नेली की हायड्रोजन सुटतो, एवढं कॉलेजातलं डोक्यात शिल्लक होतं. हातभर लांबीची लोखंडी नळी घेतली, आत तांबटाकडचा तांब्याचा कीस ठासला, खाली कोळशाची शेगडी ठेवली. एका टोकाने दारू थेंबथेंब आत, दुसऱ्या टोकाने वायू पाण्याच्या घागरीतून धुऊन बाहेर. स्पिरिट मिळेना, म्हणून ठेक्यावरची मोहाची आणून पुन्हा दोनदा गाळली. साहेब ठेक्यावर दिसले, ही बातमी माझ्याआधी घरी पोचायची. तीन नळ्या फुकट गेल्या.

चौथी चालली. घागरीत बुडबुडे आले तसा मी ओरडलो, "भाऊ, लावा फुगा!"

भाऊ हलला नाही. "नाई साहेब. पयली धार देवाची असते."

मोह गाळताना पहिली धार जमिनीवर सोडायची, ही त्याच्या गावची रीत.

"अहो, ही दारू नाही, वायू आहे!"

"मोहाचाच हाये ना? मंग जाऊ द्या थोडा. काऊन घाई करून राह्यले?"

माझा पारा चढला. सोन्यासारखा वायू हा माणूस वाया घालवतोय, हे त्याला दाखवायला मी घागरीत एक परीक्षानळी उपडी धरून भरली आणि निखाऱ्याजवळ नेली. बंदुकीसारखा बार झाला. हातात काचेचं बूड तेवढं राहिलं.

लोखंडी नळीत आधीची हवा होती. ती निघून जाईपर्यंत येतो तो वायू म्हणजे दारूगोळाच. शाळेच्या पुस्तकातली गोष्ट, आणि घाईत मीच विसरलो होतो. तोच वायू फुग्यात गेला असता, शेगडीपासून दोन हातांवर, आणि फुग्याचं तोंड बांधायला वाकला असता भाऊ.

मी वेड्यासारखा हसत सुटलो. इतकं हलकं मला लग्न ठरलं तेव्हाही वाटलं नव्हतं. भाऊने पाण्याचा गडवा पुढे केला.

"लागलं तं नाई?"

"नाही. तुम्हाला? डोळ्याला काही?"

"माह्या डोळ्याले काय होते? मी तं दूर होतो."

मग मी मुकाट्याने त्याला विचारलं, देवाचं झालं का? अजून थोडं, तो म्हणाला. आम्ही थांबलो. पुढची परीक्षानळी गुमान जळली, आणि मग फुगा भरला.

सोडला आणि मी घाईघाईने डोळा लावला. दुर्बिणीत फुगा सापडेना. भाऊ नुसता वर बघत उभा होता.

"मार्कंड्याच्या देवळाकडं चालला, साहेब."

"नक्की दिसतोय?"

"दिसून राह्यला. बेस दिसून राह्यला."

मी तसंच लिहून टाकलं.