गोधडीमागचा आवाज

तळवड्यातल्या गोजाबाईंच्या चाळीत अगदी टोकाची खोली जयमालाची. खोलीची एक भिंत पत्र्याची, आणि पत्र्यापलीकडे प्रेस मशीनचं वर्कशॉप. सकाळी ते सुरू झालं की दिवे लागेपर्यंत धाड-ठक, धाड-ठक. नवा माणूस दचकून उठून उभा राहायचा. जयमालाला विचाराल तर म्हणायची, कुठला आवाज?

या खोलीत ती पाळणाघर चालवायची. आईबाप कंपन्यांत, शाळा दुपारीच सुटलेली, मग चाळीतली आणि आसपासची पाचसात वर्षांची पोरं तिच्याकडे. पोरं तिला मावशी म्हणायची. मावशीच्या एका हातात लाटणं आणि दुसऱ्या हातात कुणाचं तरी वाहतं नाक, असा सगळा कारभार. कारण पाळणाघरासोबत ती डबेही करायची.

मूळची ती औशाकडची. नवरा रोहिदास कंपनीची बस चालवतो. माणसांना गेटपर्यंत सोडतो आणि परत फिरतो. जयमाला मात्र कितीतरी वर्षं गेटच्या आत होती, चाकणला, गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत. ठेक्यावर. परमनंटचा शर्ट निळा, ठेक्याच्या माणसांचा राखाडी. काही महिने झाले की ब्रेक द्यायचे, घरी बसवायचे, आणि मग नव्या ठेकेदाराच्या नावावर तिला परत त्याच खुर्चीत बसवायचे. लाइनवरचा एक निळ्या शर्टवाला खोक्यांच्या मागे झोपायचा आणि त्याचं काम जयमाला उरकायची. हात हिचे, नोंद त्याच्या कार्डावर. शेवटचा ब्रेक आला तो संपलाच नाही.

हे सगळं ती रडून सांगत नसे. पोरांना जेवू घालताना ती त्याचं नाटक करायची. पदराखाली उशी कोंबली की ठेकेदाराचं पोट तयार. कानावर पेन्सिल, आवाज घोगरा. "ए, उद्यापासून ब्रेक. जास्त बोलायचं नाही." पोरं हसून हसून ताटावर पडायची. त्यातला सोनू तर पुन्हा पुन्हा मागायचा, मावशी, ठेकेदार करा ना.

एक मात्र तिनं मनाशी घट्ट धरलं होतं. आपल्या हाताखालून गेलेलं पोर वाचता येत नाही म्हणून कुठं अडायला नको. पण शिकवणार कसं? पोळ्या लाटता लाटता एकेकाला जवळ घेऊन बसणं तिला जमेना. तेवढ्यात जूनमध्ये एका संस्थेची सायली स्कूटीवरून आली आणि टॅब ठेवून गेली. त्यात वाचनाचं अ‍ॅप होतं. पोरानं आपल्या फोटोवर बोट ठेवायचं, की पडद्यावर एक खार यायची आणि कानाला पंजा लावून बसायची. खाली वाक्य. पोरानं ते मोठ्यानं वाचायचं. बरोबर आलं की पोराच्या टोपलीत एक शेंगदाणा. चुकलं की खार मान हलवायची. टोपली भरली की पुढचं पुस्तक उघडायचं, आणि कुणाची टोपली किती भरली ते तिकडे सायलीच्या ऑफिसात दिसायचं.

पहिल्या आठवड्यात खार नुसती मान हलवत राहिली. पोरांचं काही ऐकूच येईना, तिच्या कानात सगळं प्रेस मशीन. जयमालानं डोकं चालवलं. कपाट आणि भिंत यांच्यातल्या कोपऱ्यावर जाड गोधडी टांगली. आत बसून वाचलं की खारीला नीट ऐकू यायचं. बाहेर पोळ्या लाटणाऱ्या जयमालाला मात्र काहीच नाही. टॅबची बटणं सोनूला चांगली कळायची, म्हणून एकेका पोराला आत सोडायचं काम तिनं सोनूकडे दिलं.

दिवाळीनंतर शेंगदाण्यांचा पाऊसच सुरू झाला. आधी खार मान हलवते म्हणून हुंदके देणाऱ्या गणराजची टोपली भरली, मग बाकीच्यांच्या. सायलीचा फोन आला, मावशी, तुमचं केंद्र सगळ्यांच्या पुढे आहे. टॅब देणाऱ्या कंपनीची माणसं शनिवारी बघायला येणार होती. पालकांना बोलवा, मुलं वाचून दाखवतील. चांगलं झालं तर दुसरा टॅब मिळेल, नाहीतर हाही दुसऱ्या केंद्राला द्यावा लागेल. जयमालानं चाळभर सांगितलं. गणराजचा बाप कुलदीप निळ्या शर्टवाला, कधी वर मान करून बोलायचा नाही. तोही थांबून म्हणाला, मावशी, पोरगं सुधारलं राव तुमच्यामुळे. त्या दिवशी तिनं त्याच्या डब्यात एक पोळी जास्तीची घातली.

राहिली दिव्या. ती काळेवाडीहून दिवाळीनंतर आलेली. आई विजयश्री राखाडी शर्टात, कायम पहिल्या शिफ्टला. पोरगी शांत, डोळे मोठे. अ‍ॅपमध्ये तिचा फोटो नव्हता. सायली म्हणाली होती, नवीन नावं आता पुढच्या जूनमध्येच घेतील. म्हणून जयमालानं दिव्याला समजावलं होतं, तुझा फोटो नाही ना बाळा त्यात, तोवर बाकीच्यांचं ऐकत बस. दिव्यानं मान डोलावली होती.

मग आला शनिवारच्या आधीचा गुरुवार. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, वर्कशॉप बंद, पाळणाघरही बंद. पण त्या आठवड्यात माल पाठवायची घाई होती, बऱ्याच जणांच्या आईबापांना ओव्हरटाइमला बोलावलं होतं, आणि शनिवारची तयारीही करायची होती. जयमालानं पोरांना बोलावून घेतलं. खोलीत इतकी शांतता होती की पोळपाटावरचं लाटणं कुरकुरताना ऐकू येत होतं. तिनं गणराजला आत पाठवलं आणि पीठ मळायला घेतलं.

गोधडीआडून आवाज आला. "रानातल्या रस्त्यानं हरिण धावत सुटलं."

स्वच्छ, न अडखळता. जयमाला स्वतःशीच हसली. आणि मग पिठातला हात तसाच थांबला. गणराजला 'र' म्हणता येत नव्हता. तो स्वतःचं नाव गणलाज सांगायचा.

तिला वाटलं, अ‍ॅपच बोललं असेल. तिनं एका पोरीला आत पाठवलं. तोच आवाज. मग रियाला पाठवलं. पुन्हा तोच.  पिठाच्या हातांनी तिनं गोधडी बाजूला सारली.

दिव्या मांडी घालून बसली होती, टॅब मांडीवर. शेजारी उलट्या डब्यावर सोनू, कानावर पेन्सिल. गणराज कोपऱ्यात खेळण्यातला ट्रक फिरवत होता. दिव्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. वाक्य पुरं केलं, शेंगदाणा पडला, तेव्हा कुठं ती थांबली.

हादरली की जयमालाची गावाकडची बोली वर यायची. "काय करलालास रे सोन्या?"

"काम चालू आहे, मावशी."

"कुणाचं?"

"गणराजचं झालं. आता रियाचं."

"गणराजचं काम गणराज का करत नाही?"

सोनूनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू एवढं तर मावशीला ठाऊक असायला हवं. "तो परमनंट आहे ना. त्याचा फोटो आहे."

"आणि ही?"

"ही ठेक्यावर."

जयमाला तिथंच सोनूसमोर बसली. मग एकेक करून सगळं बाहेर आलं, आणि सोनू ते लपवतही नव्हता. आपण मोठं शहाणपणाचं काम केलं असंच त्याला वाटत होतं. ज्याचं वाचायचं त्यानं कुरकुऱ्यांचा पुडा आणायचा. अर्धा दिव्याला, अर्धा सोनूला, कारण काम तो आणतो. मध्ये एकदा दिव्या अख्खा पुडा मागायला लागली, तेव्हा त्यानं तिला ब्रेकसुद्धा दिला होता. हे सांगताना त्यानं शर्टाखाली हात घालून पोट पुढे काढलं, आवाज घोगरा केला, आणि मावशी हसते का ते पाहिलं.

मावशी हसली नाही. त्या घोगऱ्या आवाजात तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला होता.

तिनं गणराजला टॅब दिला. तो खारीकडे बघत राहिला, मग दिव्याकडे. रियाचं तेच. सगळ्यांचं तेच. टोपल्या शिगोशीग, आणि पहिल्या पुस्तकापलीकडे एकालाही काही येत नव्हतं.

"तू गं कशाला वाचलंस?" तिनं दिव्याला विचारलं. "पुड्यासाठी?"

दिव्यानं मान हलवली. "वाचायला मिळतं म्हणून. तुम्हीच म्हणाला होता, फोटो नाही तर टॅब नाही."

जयमाला तशीच ओट्यावर आली. गोजाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. चाळ त्यांची, वर्कशॉपची शेडही त्यांचीच; एकेकाळी तिथं त्यांचं ज्वारीचं रान होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू दिली नाही.

"म्या तर रोजच बगतीय खिडकीतनं," त्या म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत आक्का?"

"मला काय ठावं? म्हनलं, कंपनीनं दिल्यालं हाय, तर कंपनीवानीच चालत आसंल."

आणि मग त्यांनी तोडगाही सुचवला. शनिवारी गोधडी आहे तिथंच राहू दे, पोरगी मागं बसव, पोरांनी नुसते ओठ हलवायचे. मशीनच्या दणक्यात कुणाला काय कळतंय. जयमालानं ते उडवून लावलं खरं, पण आत जाता जाता गोधडीकडे तिची नजर गेलीच.

तिनं सायलीला फोन करून सगळं सांगितलं. मग सायली हळू आवाजात म्हणाली की रिपोर्ट वर गेलाय, आता आकडे मागे घेता येणार नाहीत. शनिवारी एकेकाला चार वाक्यं येतील एवढं बघा. पाठ करून घ्या. नंतर काय ते आपण बघू.

शुक्रवारी जयमालानं ते केलं. प्रेस मशीनच्या ठेक्यावर पोरं चार-चार वाक्यं घोकत बसली, धाड-ठक, ससा-पळाला, धाड-ठक. गणराजनं सगळ्यांआधी पाठ केली. दिव्या भिंतीला टेकून बघत होती. जाताना जयमालानं तिला सांगितलं, उद्या तू मागे आईजवळ बस हं. रात्री तिनं ताट अर्धवटच बाजूला सारलं. रोहिदासनं विचारलं, तर म्हणाली, काही नाही, मीठ जास्त झालंय.

शनिवारी खोली भरली. कंपनीच्या दोन बायका सतरंजीवर, सायली टॅब घेऊन पुढे, दारात कुलदीप फोन धरून व्हिडिओ काढायला तयार. विजयश्री शिफ्टवरून थेट आलेली, राखाडी शर्ट, सगळ्यांच्या मागे. गोजाबाई उंबऱ्यावर. टॅब आज उघड्यावर होता, नुसता दाखवायला. पलीकडे मशीन चालूच.

गणराजनं चार वाक्यं म्हटली. र चा ल झाला, पण बायका कौतुकानं हसल्या. त्यातल्या एकीनं बोटानं पान पुढे सरकवलं. "अरे वा. हे पण वाच ना बाळा."

नवं वाक्य. खार कानाला पंजा लावून बसली. गणराजही बसला. कुलदीप दारातून म्हणाला, "वाच की रे, रोज वाचतोस ना?"

गणराजनं मान मागे वळवली. त्याच्या मागोमाग सोनूनं, रियानं, सगळ्या पोरांनी. आईजवळ बसलेली दिव्या उठली. रोजच्यासारखी, शांतपणे, माणसांतून वाट काढत ती पुढे आली, मांडी घातली, टॅब मांडीवर घेतला आणि जयमालाकडे पाहिलं.

"मावशी, आज कुणाच्या नावानं वाचू?"

सतरंजीवरच्या बाईला वाटलं, गंमत आहे. ती हसली. दुसरं कुणी हसलं नाही. सायलीचे डोळे जयमालावर खिळले होते. जयमालानं फक्त म्हणायचं होतं, गणराजच्या नावानं. पोरं एकमेकांना मदत करतात, किती छान, म्हणून सगळं झाकलं गेलं असतं. विजयश्री टाचा उंचावून बघत होती, आपली पोर पुढे कशी गेली म्हणून. जयमालाला तिचा तो राखाडी शर्ट तेवढा दिसत होता.

तिनं वाकून दिव्याच्या मांडीवरून टॅब उचलला.

दिव्यानं वर पाहिलं. "मावशी, मला ब्रेक दिला का?"

 जयमालानं टॅब सायलीच्या हातात दिला, आणि मग जे बोलली ते मशीनपेक्षा मोठ्यानं बोलली. "कुलदीपभाऊ, तुमच्या पोराला वाचता येत नाही. कुणालाच येत नाही. ह्या टोपल्या सगळ्या हिनं भरल्यात. हिचा फोटो नव्हता म्हणून मी हिला बाजूला बसवलं, आणि हिनं दुसऱ्यांच्या फोटोवर काम केलं."

कुलदीपचा फोन खाली आला. "म्हणजे आम्हाला येडं बनवलं?"

"मी स्वतः पण बनले. सोमवारपासून एकेकाला समोर बसवून शिकवते. डबे बंद झाले तरी चालतील."

त्यानं गणराजचा हात धरला आणि दारातच उभा राहिला. गेला नाही, आत आला नाही. सायली टॅब छातीशी धरून खाली बघत होती. तो टॅब आज तिच्यासोबत जाणार, हे न सांगता सगळ्यांना कळलं होतं.

जयमालानं फळीवरून शाळेचं जुनं पुस्तक काढलं आणि दिव्याच्या हातात दिलं. दिव्यानं ते उलटसुलट करून पाहिलं. कव्हरच्या आत, पाठीमागे.

"ह्यात कुणाचा फोटो आहे?"

"कुणाचाच नाही. वाच."

दिव्यानं तोंड उघडलं, पण धाड-ठकमध्ये तिचा आवाज पहिल्या ओळीपर्यंतही पोचेना. तेव्हा गोजाबाई गुडघ्यावर हात रोवून उठल्या. बाहेर गेल्या. पत्र्यावर काठीचे दणके ऐकू आले आणि त्यांचा खणखणीत आवाज, "बंद कर रं ते जरा, पोरगी वाचतीया."

मशीन थांबलं. खोलीत गुरुवारसारखी शांतता पसरली, आणि त्या शांततेत विजयश्रीनं पहिल्यांदा आपल्या मुलीला वाचताना ऐकलं.