आईला हवे असलेले दात

आई साठीच्या पुढे गेली तेव्हा तिच्या तोंडात चारच दात उरले होते. जन्मभर खाडीची मासळी विकलेल्या माझ्या आईला आता चिंबोरीचा, म्हणजे खेकड्याचा, नांगा दातांनी फोडता येत नव्हता. बेलापूरच्या डॉक्टरांकडे कवळीचं माप द्यायचं ठरलं. आदल्या दिवशी मी तिला मोबाइलवरची एक बातमी वाचून दाखवली. दातांतल्या स्टेम सेलपासून, म्हणजे मूळ पेशींपासून, नवे दात उगवायचे प्रयोग चालू होते. ती हरखली.

दवाखान्यात तिने डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, "आजी, ते अजून प्रयोगशाळेतच आहे. तुमच्या नातवंडांना मिळेल कदाचित."

तिला कमी ऐकू यायचं. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "काय बोलला?"

तिचा चेहरा बघून मला खरं सांगवेना. मी म्हटलं, "होईल म्हणाले. थोडं थांबावं लागेल."

"मंग मना कवली नको. माजेच दात येनार हायेत."

आम्ही माप न देताच परतलो. पुढची दोन वर्षं ती कालवणात भात कुस्करून खात राहिली आणि वाळत गेली. कवळीचा विषय मी दोनदा काढला, पण खरं बोलायचं धाडस झालं नाही. गेल्या थंडीत न्यूमोनिया झाला, त्यातून ती उठली नाही.

दिवसकार्याला भाऊ म्हणाला, "हट्टी होती. शेवटपर्यंत कवळी लावली नाही."

मी नुसती मान हलवली. त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही.