कडुबाचा गाल

क्रांती चौकाजवळ माझं कागदाचं दुकान आहे, आणि कागदातलं आपल्यालाच सगळं कळतं हा माझा जुना आजार. राजेंद्र साळवेनं तो बरा केला.

राजेंद्र गारखेड्यातला, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. शहर वाढलं, दुकानं वाढली, पण पाठोपाठ फ्लेक्स आला आणि त्याच्या ब्रशाला काम उरलं नाही. मग तो कोळशाच्या कांडीनं माणसांची चित्रं काढू लागला. हात गोड, स्वभाव तिखट. चित्राला कुणी बोट लावलं की खेकसायचाच, कारण कोळसा लगेच पुसला जातो.

लातूरला रेल्वेनं पाणी गेलं त्या उन्हाळ्यात तो दुकानात आला. त्याच्या आईचे, मुक्ताबाईंचे, डोळे काचबिंदूनं चालले होते. दिसतंय तोवर त्यांना गेलेल्या नवऱ्याचा, कडुबांचा, चेहरा एकदा पाहायचा होता. कडुबांनी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, पुढंही दगडातच आयुष्य काढलं. फोटो काढायचा राहूनच गेला. राजेंद्र आठवणीतून चित्र काढणार होता.

मी त्याला सगळ्यात उंची कागद दिला, पांढराशुभ्र आणि गुळगुळीत. चार दिवसांनी तो तोंड पाडून परत आला. कडुबांच्या गालांवर देवीचे दाट वण होते. माझ्या कागदावर कोळसा ठरत नव्हता, आणि वण काढले तर मोहरी सांडल्यासारखे दिसत.

"माय म्हणती, हा तुहा बाप नाय. कोन्या हापिसातला सायब हाय."

मला राग आला, आधी त्याचा आणि मग माझा.

बोलता बोलता त्यानं गल्ल्याजवळच्या एका कागदावर अंगठा फिरवला. दौलताबादकडच्या एका कारागिराचा हातकागद होता तो. त्या वर्षी पाणीच नव्हतं, लगदा नीट कुटला-धुतला गेला नाही, म्हणून कागद खरखरीत झालेला. लग्नपत्रिकावाल्यानं परत केला, तेव्हापासून मी त्यात पुड्या बांधत होतो. राजेंद्रनं कोपऱ्यावर कोळसा घासला. उंचवट्यांवर काळं बसलं, खळगे पांढरे राहिले.

"काका, हाच द्या."

रद्दी आहे, असं मी सांगून पाहिलं. त्यानं ऐकलं नाही, हे माझं नशीब.

चित्र झालं त्या सकाळी त्यानं मला घरी बोलावलं. मुक्ताबाईंनी कागद खिडकीशी नेला, अगदी नाकाजवळ धरला.  मग त्यांनी सरळ गालावर अंगठा टेकवला. आता राजेंद्र खेकसणार म्हणून मीच अंग चोरलं. तो गप्प उभा होता.

"हेच हायेत," मुक्ताबाई म्हणाल्या.

मी रडलो. लपवायचं काय त्यात?

सुनेनं, करुणानं, चहा आणला आणि सासूबाईंचा अंगठा काळा झालेला पाहून हात धुवायला तांब्या पुढं केला. मुक्ताबाईंनी हात पदराखाली घेतला.

"ऱ्हाऊ दे गं. पान्याचा एवढा दुष्काळ, कशाला वाया घालती?"

आठ दिवस न आलेला नळ नेमका त्याच सकाळी आला होता. दाराशी ड्रम काठोकाठ भरलेला होता.