फुलीचा माल

माझी वहिनी भंगाराचा धंदा करते असं सांगितलं की लोक आधी कीव करतात आणि मग घरातली फुटकी बादली आणून देतात. मला दोन्हींचा राग येतो. बंद पडलेल्या गॅरेजांतले, कारखान्यांतले सुटे भाग ती विकत घेते, घरामागच्या शेडमध्ये खोलते, लोखंड, पितळ, तांबं वेगळं करते आणि भंगाराच्या वखारीत नेऊन घालते. टेम्पो माझा. दादाची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, कंबर कामावर पडून कायमची दुखावली. तेव्हापासून तो खुर्चीत बसून तारांची सालं काढतो आणि आम्हा दोघांना अक्कल शिकवतो.

सुरुवातीला वखारीत तिला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. काट्यावर वजन करणारा काटेवाला म्हणजे नाकाने कांदे सोलणारा माणूस. मुकादम तर बोलायचाच नाही, नुसता हात हलवायचा, आणि तो हात 'या' म्हणतोय की 'चालते व्हा' हे आपण ओळखायचं. पहिल्याच खेपेला मी काटेवाल्याच्या अंगावर धावून गेलो. वहिनीने मला टेम्पोत नेऊन बसवलं आणि शांतपणे म्हणाली, "भाऊजी, भांडायचंच असेल तर घरी तुमच्या दादाशी भांडा. तो रिकामाच असतो."

तिची रीत निराळी. माल असा निवडून न्यायचा की समोरच्याला परत हात घालावा लागू नये. रबर काढलेलं, माती झटकलेली. त्यांच्या जेवणाच्या वेळी फाटकात उभं राहायचं नाही. गर्दी असली तर मुकाट मागे थांबायचं. एखादा नग त्यांनी बाजूला टाकला तर तोंड वाकडं करायचं नाही, उलट विचारायचं, "हा का नाही चालला? शिकवा की." शिकवा म्हटलं की काटेवाल्याची छाती फुगायची. वर्षभरात तो तिला स्वतःहून सांगू लागला, आज क्रेन बंद आहे, उद्या या. मला अजूनही तो नुसताच "अहो टेम्पो" म्हणतो.

वखारीत एक नियम मात्र कुणासाठी वाकत नाही. बंद तोंडाची वस्तू आत येता कामा नये. टाकी असो, नळकांडं असो, आत काय आहे ते दिसलं पाहिजे. कारण माल भट्टीला जाण्याआधी गॅसच्या ज्योतीने कापतात, आणि बंद नळकांड्यातलं तेल तापलं तर ते बॉम्बसारखं फुटतं. म्हणून प्रत्येकाचा माल फाटकाशी जमिनीवर ओततात, एकेक नग उलटापालटा करून बघतात आणि मगच पुढे सोडतात. वहिनी असले नग घरीच ड्रिलने आरपार भोक पाडून रिकामे करायची आणि प्रत्येकावर पांढऱ्या ऑइलपेंटने फुली मारायची. आधी तिची फुली तपासली जायची. मग अधूनमधून. मग कुणी बघेना. फुलीचा माल आला की मुकादमाचा हात सरळ आत वळायचा, आणि टेम्पो थेट ठिणगीच्या ढिगाशी रिकामा व्हायचा. रांगेतले बाकीचे आमच्याकडे जळून बघायचे. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

ठिणगी म्हणजे गॅसने लोखंड कापणारा. नाव असं, पण स्वभाव ओल्या लाकडाचा, कशानेच पेटायचा नाही. कानात बोळे, डोळ्यांना काळा चष्मा, समोर ज्योत. वहिनी दिसली की तो ज्योत बारीक करून चष्मा कपाळावर चढवायचा आणि म्हणायचा, "ताईंचा माल आला, आज डोळे मिटून काम." हा त्याचा एकुलता एक विनोद, आणि वहिनी दर वेळी नव्याने हसायची.

त्या दिवशी आम्ही बसगाड्यांचे जुने शॉकअप घातले होते. चाकाला हादरा बसू नये म्हणून लावतात ती जाड नळकांडी, आत तेल आणि दाबून भरलेला वायू. माल उतरवून आम्ही घरी आलो. मी टेम्पो धूत होतो. वहिनी शेड झाडत होती. भोक पाडलेला प्रत्येक शॉकअप ती तेल निथळायला भुशाच्या एकेका ढिगावर पालथा ठेवते, भिंतीलगत ओळीने. झाडूचा आवाज मध्येच थांबला. बराच वेळ काही नाही म्हणून मी आत डोकावलो.

सगळे ढीग तेलाने काळे झाले होते. एक पिवळाच होता, कोरडा.

"ह्यावर काही ठेवलं नसेल," मी म्हणालो.

"ठेवलं होतं." तिने खाली बसून भुशात हात घातला. बोटं कोरडी. "वीज गेली तेव्हा शिकंज्यात एक होता. नुसतं ड्रिल टेकलं होतं. तो काढून मी इथे ठेवला. म्हटलं, वीज येईपर्यंत बसून काय करायचं, फुल्या मारून घेऊ, वाळतील तरी. मग वीज आली आणि मी..." पुढचं मला कळलं होतं. वीज आल्यावर तिने पुढचा उचलला. हा झालाच असं धरून चालली. फुली होतीच ना त्याच्यावर.

तिने मुकादमाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. काटेवाल्याला लावला, तोच प्रकार. दुपारी माल उतरत असतो तेव्हा फोन केबिनमध्ये पडलेले असतात. आणि ठिणगी शॉकअपसारखा लांब माल आधी घेतो हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"भाऊजी, टेम्पो काढा."

दादा खुर्चीतून ओरडला, "अगं, झालं काय?" तोवर मी टेम्पो चालू केला होता.

रस्त्यात मी जे बोललो ते इथे लिहितो, कारण मी ते मनापासून बोललो होतो. म्हणालो, "वहिनी, बंद नग सापडला तर तो विकणाऱ्याला पुन्हा फाटकात घेत नाहीत. सांगू, आमचं एक अवजार मालात राहिलं. ढीग उपसू, तो नग गुपचूप टेम्पोत टाकू. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही."

"आणि आपण ढीग उपसेपर्यंत तो कापत राहील."

"त्याला सांगू थांब म्हणून."

"अवजारासाठी कोण थांबतं? ताकाला जाऊन भांडं लपवायला ही वेळ आहे का?" ती पहिल्यांदाच माझ्यावर ओरडली. मग डॅशबोर्डला दोन्ही हात टेकून नुसती समोर बघत राहिली. पुढचा ट्रक हलेना. मी हॉर्नवर हात दाबून धरला. मला तिचा राग आला होता, ट्रकवाल्याचा आला होता, आणि सगळ्यात जास्त त्या फुलीचा आला होता.

वखारीच्या फाटकात रांग लागलेली होती. मी ब्रेक दाबायच्या आत वहिनीने दार उघडून उडी मारली. रांगेतला एकजण म्हणाला, "बघा, ह्यांचं कायम पुढेच." ती त्याच्या अंगावरूनच गेली. आत खांबाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला आहे. त्याच्यावर घण मारला की यार्डात ज्याने त्याने हातातलं काम सोडून जागीच उभं राहायचं. तो फक्त मुकादम वाजवतो. वहिनीने घण दोन्ही हातांनी उचलला आणि घातला. पुन्हा घातला.

क्रेन थांबली. पत्रे दाबणारं प्रेस थांबलं. मुकादम केबिनमधून शिव्या देतच बाहेर आला. आणि त्या सगळ्या शांततेत एकच आवाज चालू राहिला, गॅसचा. ठिणगीच्या कानांत बोळे होते. त्याची पाठ आमच्याकडे होती.

"माझा एक शॉकअप बंद आहे!" वहिनी ओरडली. "फुली आहे, पण बंद आहे!"

ती त्याच्याकडे पळणार तोच मुकादमाने तिचा दंड धरून मागे ओढलं. त्याचा तो हात, जो फक्त हलायचा. "सिलिंडर!" तो काटेवाल्यावर ओरडला. इतकी वर्षं ज्याला मी मनातल्या मनात नावं ठेवली तो काटेवाला भिंतीच्या आडोशाने वाकून पळाला आणि मागच्या सिलिंडरची चावी त्याने फिरवून बंद केली. ज्योत फडफडली आणि विझली. ठिणगी वळला. सगळी वखार आपल्याकडे बघतेय हे त्याला दिसलं.

त्याच्यासमोर लोखंडी ठोकळ्यावर एक शॉकअप आडवा होता, एका टोकाला लालभडक. मुकादमाने हातानेच त्याला मागे बोलावलं. हळू. तो पायाखाली बघत बघत आला. मग आम्ही सगळे भिंतीआड उभे राहिलो आणि तो नग निवायची वाट बघत बसलो. वहिनीच्या नखांत अजून भुसा होता.

निवल्यावर मुकादम स्वतः गेला. लांब सळईने त्याने तो नग उलटा केला. भोक होतं, आरपार. मी श्वास सोडला, पण बंद नग अजून ढिगातच होता, आणि ढिगातल्या प्रत्येकावर तीच पांढरी फुली. एकेक उचलून बघायला लागलं. मुकादमाने प्रत्येकाच्या भोकात तार घालून पाहिली. ठोकळ्याच्या अगदी लगत, ठिणगीचा डावा हात जिथे पुढचा नग घ्यायला जातो तिथे जो पडला होता, त्याच्या भोकात तार शिरली आणि लगेच अडली. भोक नव्हतंच ते. ड्रिल टेकल्याचा खड्डा होता आणि त्यात काळं ग्रीस बसलं होतं. बघणाऱ्याला भोकच वाटलं असतं.

मुकादम तो नग बाजूला ठेवून वहिनीसमोर आला. "याआधी?" त्याने एवढंच विचारलं.

मला वाटलं, आता म्हणेल, कधीच नाही. मी असतो तर म्हणालो असतो.

"वीज याआधीही गेली आहे," वहिनी म्हणाली. "छातीवर हात ठेवून नाही सांगता येत."

ठिणगीने ते ऐकलं. कानातले बोळे त्याच्या हातात होते. तो पुढे झाला, लायटर घेऊन ज्योत पेटवायला गेला आणि त्याला ते जमेना. दोनदा लायटर खाली पडला. मग त्याने चष्मा खिळ्याला अडकवला आणि तो आमच्याकडे न बघता घरी निघून गेला.

"तुम्ही स्वतः सांगायला आलात म्हणून फाटक उघडं ठेवतो," मुकादम म्हणाला. "पण फुली संपली. सगळ्यांसारखं रांगेत यायचं."

पुढच्या खेपेला आम्ही रांगेत होतो. मागच्या वेळी टोमणा मारणारा आता दात काढून हसला. घर फिरलं की घराचे वासे फिरतात, मी म्हणालो, पण वहिनीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आमचा माल फाटकाशी जमिनीवर ओतला. आणि तपासायला मुकादम आला नाही, ठिणगी आला. त्याने हे काम मागून घेतलं होतं म्हणे.

तो वहिनीशी बोलला नाही. विनोदही नाही. उकिडवा बसला आणि एकेक नग हातात घेऊन फिरवायला लागला. वहिनी समोर बसून त्याला एकेक उचलून देत होती, भोक त्याच्याकडे करून. तो तार घालायचा, आरपार काढायचा, बाजूला ठेवायचा. मागचे लोक कुरकुरायला लागले तरी त्याने घाई केली नाही. शेवटच्या नगातूनही तार सरळ पलीकडे निघाली. मी स्वतः पाहिली. तरी त्याने तो वहिनीच्या हातात परत दिला.

"हा नाही चालणार. भोक बारीक आहे."

माझं टाळकं सणकलं. भोक बाकीच्यांइतकंच होतं, एकाच ड्रिलचं. मी तोंड उघडणार तोच वहिनीने माझ्याकडे बघितलं. "बरं," ती त्याला म्हणाली, आणि तो नग पोटाशी धरून टेम्पोकडे चालू लागली.

टेम्पोत बसल्यावर मी फुटलो. "भोक बारीक नव्हतं, वहिनी! तुम्हालाही माहीत आहे, त्यालाही माहीत आहे!"

"आहे ना माहीत."

"मग?"

ती मांडीवरच्या त्या लोखंडावर हात ठेवून बसली होती. "इतकी वर्षं त्याने मला एकदाही नाही म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. "आज त्याला म्हणायचं होतं. म्हणू दे."