साडूभाऊ आणि एका मनोऱ्याचं चर्च

आमच्या साडूभाऊंनी किल्लारीच्या भूकंपापासून आजवर माणसांच्या तोंडाकडे कमी आणि छताकडे जास्त बघितलं असेल. कुणाच्याही घरी गेले की यजमान "या, बसा" म्हणत असतो आणि हे उंबऱ्याबाहेर मान वर करून उभे. पहिला प्रश्न ठरलेला: "वर वजन किती हाय?" समोरच्याला हौसेनं घेतलेला सोफा दाखवायचा असतो, त्याला वजन कुठून ठाऊक असणार! मग साडूभाऊ "ठाऊक न्हाई आन् झोपता कसे?" असं म्हणून अंगणात खुर्ची मागतात. नांदेडला आमच्याकडे ते कधी ओसरीच्या आत आलेले नाहीत. माझ्या मुलाच्या लग्नात त्यांनी मंगल कार्यालयाच्या दारातून अक्षता टाकल्या, त्या बँडवाल्याच्या टोपीवर पडल्या. नवरा-नवरीला पाया पडायला बाहेर, गाड्या लावल्या होत्या तिथं जावं लागलं. एका जीपला टेकून त्यांनी माझ्या सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सुखी ऱ्हावा. खालच्या मजल्यावर ऱ्हावा."

बरं, माणूस अडाणी म्हणावा तर तसंही नाही. जन्मभर सरकारी बांधकामांवर ओव्हरसियर होते. किती स्लॅब त्यांनी स्वतः उभं राहून टाकून घेतले असतील! त्यांचं गाव किल्लारीकडचं. तिथलं घर माळवदाचं होतं, म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडं आणि लाकडांवर माती. भूकंपात त्या घराखाली त्यांची आई गेली. हे तेव्हा लातूरला नोकरीवर होते. पुढे त्यांनी लातुरातच पत्र्याचं घर बांधलं आणि त्यातच राहिले. उन्हाळ्यात त्या घरात पापड भाजून निघतील. अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, ओला पंचा डोक्यावर घेऊन स्वयंपाक करते. कुणी काही बोललं तर साडूभाऊंचं उत्तर तयार: "पत्रा पडला तर खोक पडंल. जीव जात न्हाई."

अशा माणसाच्या नशिबी लातूर यावं, हा खरा विनोद. पोरांना डॉक्टर करायला सगळा मराठवाडा लातुरात लोटला आणि बघता बघता गावात क्लासवर क्लास, होस्टेलवर होस्टेल चढले. निवृत्त झालेले साडूभाऊ सकाळी फिरायला निघायचे आणि दिसेल त्या बांधकामापुढे उभे राहायचे. एका होस्टेलच्या मालकाला त्यांनी विचारलं, "तीन मजल्यांचा पाया घेतला होतासा, आन् चौथा कामून चढवून राहिलात?" मालकानं त्यांना देणगी मागायला आलेला समजून दहा रुपये दिले. ते त्यांनी त्याच्याच वाळूच्या ढिगावर ठेवले आणि घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत. त्यात त्यांची एकुलती एक मुलगी अशाच एका क्लासात जीवशास्त्र शिकवायला लागली, आणि तिनं आणि जावयानं क्लासजवळ फ्लॅट घेतला तो चौथ्या मजल्यावर, अगदी वरचा. तीन वर्षं झाली, बापानं जिना म्हणून चढला नव्हता. अक्काला आयुष्यात आता दुसरं काही नको होतं. लेकीच्या घरी दोघांनी जोडीनं एक घास खावा, एवढंच. ती एकटीच जायची आणि येताना डोळे पुसत यायची.

म्हणून मीच गोव्याची टूम काढली. आम्ही दोघं आणि ते दोघं. समुद्राला छत नसतं, एवढाच माझा हिशेब. पण ट्रॅव्हल्सवाल्यानं दुसऱ्याच दिवशी आम्हाला जुन्या गोव्यात चर्चच्या चौकात उतरवलं. एवढी मोकळी जागा मी देवळापुढेही पाहिली नव्हती. रस्त्याच्या एका अंगाला गिलावा न केलेल्या जांभ्या दगडाचं तांबडं चर्च आणि दुसऱ्या अंगाला, हिरवळीच्या टोकाला, पांढरंशुभ्र, अवाढव्य, मोठ्या घंटेचं दुसरं. आमच्या बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. साडूभाऊ मात्र त्या पांढऱ्या चर्चच्या पाठीमागे गेले. "इमारत पुढून बघायची नसती गुरुजी. पुढून सगळ्याच हसून राहिलेल्या असतेत."

मागून, बाजूनं, दोन्ही हात फैलावून त्यांनी भिंती मापल्या. खिडकीत हात घालून जाडी पाहिली. पुढे आले तेव्हा चेहरा बदललेला. "ह्याला एकच मनोरा हाय. दुसरा कुटं गेला?" दाराशी एक म्हातारा झाडत होता. त्यानं सांगितलं की तो मनोरा फार फार पूर्वी कोसळला. "मग परत कामून बांधला न्हाई?" म्हातारा झाडणं थांबवून म्हणाला, "पडलो तो पडलो. दुसरो उबो आसा मरे!" एक पडला तरी दुसरा उभा आहे ना, असं म्हणून तो पुन्हा झाडायला लागला.

साडूभाऊ त्या रिकाम्या जागेकडे किती वेळ बघत होते. मग त्यांनी चपला काढल्या, तिथं कुणी काढत नव्हतं तरी, आणि सरळ आत गेले. अक्कानं माझ्या बायकोचा हात एवढा आवळला की बांगडी पिचली. आत कमानीचं पांढरं छत उंचच उंच गेलेलं, समोर सोनेरी वेदी. साडूभाऊ मधल्या बाकावर बसले. मी भीत भीत शेजारी बसलो. त्यांनी वर बघितलंच नाही. हातांकडे बघत बोलायला लागले.

"भूकंपाच्या साली आईचा सांगावा आला, माळवद गळून राहिलंय. दरसाल पावसाच्या आधी वर पांढऱ्या मातीचा थर देतेत, तुमाला ठाऊक हाय. जुनी काढावी आन् मग नवी घालावी, न्हाईतर वर वजन वाढतंय. येवढं मला कळत न्हवतं का? मी ओव्हरसियर! पर रजा दोनच दिसांची. जुन्यावरच टाकली. घमेलं घमेलं मी चढवलं, ह्या हातांनी. आई म्हणली, यंदा घरात थेंब पडणार न्हाई बग." त्यांनी तळहात मांडीवर पालथे ठेवले. "न्हाईच पडला, गुरुजी."

इतक्या वर्षांत हे त्यांनी अक्कालाही सांगितलं नव्हतं. मी जन्मभर वर्गात बडबड केलेला माणूस, पण तिथं मी उठलो आणि दारातल्या त्यांच्या चपला आणून त्यांच्या पायाशी ठेवल्या. परतीच्या बसमध्ये ते आपणहून म्हणाले, "एकडाव पोरीकडं जेवाया जाऊ." अक्का खिडकीकडे तोंड करून रडली. मला वाटलं, आपण जिंकलो.

रविवार ठरला. आम्ही नांदेडहून मुद्दाम गेलो. मुलीनं दाराला तोरण बांधलं होतं, धपाट्यांचा वास जिन्यात दरवळत होता. साडूभाऊ कठड्याला धरून एकेक पायरी चढले. चौथ्या मजल्यावर दारात पोचले आणि एक चप्पल काढली. तेवढ्यात वर धप्पकन काहीतरी पडलं.

"वर काय चाललंय?"

जावई बिचारा मोठ्या उत्साहानं पुढे आला. "काही न्हाई मामा, स्लॅब गळत होता. तुमी पैल्यांदा येऊन राहिलात, तुमच्या ताटात थेंब नको म्हणून गच्चीवर सिमेंटचा कोबा करून घेऊन राहिलोत. जुन्यावरच टाकायलेत, लगेच होतंय."

त्याला काय ठाऊक! मी मान खाली घातली. साडूभाऊंचा चेहरा मला बघवला नाही. "स्लॅबाला काई होत न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले. "मलाबी कळतंय, काई होत न्हाई." मग त्यांनी काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली. मुलगी "बाबा, एवढे वर आलात, आत तर या" म्हणत राहिली. ते एकेक पायरी उतरून गेले.

त्याला आता दोन वर्षं होतील. दर रविवारी मुलगी झाकलेलं ताट घेऊन चार मजले उतरते. खाली लिंबाखाली सिमेंटचा बाक आहे, तिथं साडूभाऊ आणि अक्का शेजारी शेजारी बसून जेवतात. म्हटलं तर अक्काची इच्छा पुरी झाली. गेल्या खेपेला मी सोबत होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, वर वजन नको म्हणून तुमच्यासाठी कोबा उकरून काढला बघा. आता पुन्हा गळायलंय." साडूभाऊंनी हातातला घास ताटात ठेवला आणि चौथ्या मजल्याकडे बघितलं.

"गळू दे माय," ते म्हणाले. "गळलेलं पुसता येतंय."

आणि ते पुन्हा खाली मान घालून जेवायला लागले.