सगळेच मुख्य अध्यक्ष

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, डोंगरकड्याकडच्या हळद गटाच्या वेबसाइटचे सर्वच्या सर्व मुख्य अध्यक्ष हयात असून त्यांची प्रकृती उत्तम आहे. गेला तो एकटाच माणूस, ज्याच्याकडे तिथलं कुठलंही पद नव्हतं. माझा मित्र वसंता गेला... ऐन हळद शिजवण्याच्या दिवसांत, दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. मी हिंगोलीत माझ्या छापखान्यात लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासत होतो. फोन आला, ऐकला आणि पुन्हा प्रूफ तपासायला बसलो. त्या पत्रिकेत मी वधूचे वडील दोनदा छापले आणि वराचे छापलेच नाहीत, हे मला वरपक्षानंच सांगितलं. माझ्या दुःखाचा एवढा पुरावा पुरे.

वसंताच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या देवळाची पूजा. हा मात्र कचेरीत कारकून झाला, कचेरीत संगणक आल्यावर त्याच्या प्रेमात पडला आणि वेबसाइटी बांधायचं वेड घेऊन बसला. त्या बांधायला जगभरच्या लोकांनी मिळून केलेलं सॉफ्टवेअर असतं. ते फुकट घ्यावं, आतून उघडून बघावं, हवी तशी त्यात भर घालावी आणि ती भर पुन्हा सगळ्यांसाठी ठेवून द्यावी, अशी ती रीत. हे कळलं त्या दिवशी वसंता धावत छापखान्यात आला होता. "आरं, फुकट बी देतात अन् उघडून बी बघू देतात! आपल्या इथं कोणी आमटीची रीत सांगत न्हाई!" मग त्यानं शाळेची वेबसाइट केली, एका दवाखान्याची केली, एका भजनी मंडळाचीही केली. काम पुरं झालं की तो वेबसाइटच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, त्या लोकांच्या हाती द्यायचा आणि स्वतःचं नाव तिथून काढून टाकायचा. मी विचारलं, "तुझं खातं तरी राहू दे की." तर म्हणाला, "घर बांधणारा गवंडी तिथंच मुक्काम टाकतो का?"

पण त्याची खरी परीक्षा घेतली ती हळद गटानं. गटातले शेतकरी आपली हळद शिजवून, वाळवून, दळून थेट गिऱ्हाइकाला विकणार होते. वसंतानं झकास वेबसाइट उभी केली आणि मग त्या सॉफ्टवेअरनं त्याला एक निरागस प्रश्न विचारला : यात मुख्य कोण, संपादक कोण, नुसता लेखक कोण? परदेशात बसून हा प्रश्न लिहिणाऱ्यानं आपल्याकडची एकही पंगत पाहिली नसणार! दिगंबरराव म्हणजे गटातलं सगळ्यात मोठं पागोटं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे मुख्य, अन् मी त्याच्या खाली? काहून? माझी हळद काय कमी पिवळी हाय?" दुसऱ्यानंही तेच विचारलं, तिसरा तर चहा न घेता उठला. वसंतानं हात जोडले आणि गटातल्या झाडून सगळ्यांना मुख्य केलं.

त्यानंतर वेबसाइटवर लोकशाही नांदू लागली. सकाळी पहिल्या पानावर दिगंबररावांचा फोटो, दुपारी दुसऱ्या मुख्याचा, संध्याकाळी तिसऱ्याचा नातू. अखेर मारोतरावांनी कळस चढवला. मारोतराव हळदीसोबत मेंढरंही राखणारे, अबोल, सरळ गडी. वेबसाइटचा पोशाख, म्हणजे वरचं रूपडं, एका बोटानं बदलता येतो असं त्यांना दिसलं. गटाचं भलं व्हावं म्हणून त्यांनी त्यातला सगळ्यात देखणा निवडला. तो निघाला विलायती बेकरीचा. हळद दिसेनाशी झाली आणि तिच्या जागी गुलाबी केक आला, वर एक चेरी. घाबरून तो पुसायला गेले आणि गटाची पानंच पुसून बसले.

मारोतराव वसंताच्या दारात उभे राहिले तेव्हा मी तिथंच होतो. "मी... मी मोडलं वो सगळं. आता मी त्याला हात लावणार न्हाई." मला वाटलं, वसंता आता चिडणार. तो उठला, स्वतःची खुर्ची सरकवली आणि म्हणाला, "व्हय, मोडलं ना? मंग बसा हिथं. तुमीच जोडायचं." वसंतानं सगळ्याची एक प्रत बाजूला ठेवलेली होतीच. ती कुठून काढायची, कशी बसवायची, पुढं कुठलंही काम करायच्या आधी नवी प्रत कशी घ्यायची... सगळं त्यानं मारोतरावांच्याच बोटांनी करवून घेतलं. माऊसला एकदाही हात लावला नाही, फक्त चहा ओतत राहिला. हळद परत दिसली तेव्हा मारोतरावांनी पटक्यानं घाम पुसला.

मग वसंतानं त्या सॉफ्टवेअरमध्ये आपली भर घातली. त्यासाठी तो माझ्याकडं आला. लग्नपत्रिकेत कोणताही काका रुसू नये म्हणून मी काय करतो, ते त्याला पाहायचं होतं. मी दाखवलं : सगळी नावं एका ओळीत, एकाच मापाच्या टायपात. वसंताचे डोळे चमकले. त्यानं जी जोडणी, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, लिहिली तिचं नाव 'मानपान'. तिच्यामुळं सगळ्यांच्या नावापुढं 'मुख्य अध्यक्ष' अशी सारखीच पाटी दिसायची, पण आपापल्या पानापलीकडं हात मात्र एकाचाच पोचायचा. पहिल्या पानावर सगळ्यांचे फोटो आपोआप पाळीपाळीनं झळकायचे, म्हणून कुणाला शंका आली नाही. तो एक कोण, ते त्यानं मलाही सांगितलं नाही. रिवाजाप्रमाणं ही जोडणी त्यानं जगासाठी खुली ठेवली, आणि कुठल्या तरी दूर देशातून एका बाईंचे आभार आले. त्यांच्या चर्चच्या मंडळालाही हीच तकलीफ होती म्हणे! वसंतानं ते मला वाचून दाखवलं आणि आम्ही पोट धरून हसलो.

तो गेल्यावर काही आठवड्यांतच वेबसाइटचं ऑर्डरचं पान बंद पडलं. सॉफ्टवेअर जुनं झालं होतं, ताजं करून घ्या अशी सूचना आली, आणि ते करण्याचं बटण कुणालाच सापडेना. नवी हळद दळून तयार आणि गिऱ्हाइकांचे फोन सुरू... "ऑर्डर जाईना." सगळे अध्यक्ष वसंताच्या घरी जमले. वसंताच्या बायकोनं, मालतीवहिनींनी, त्याच्या खोलीतला संगणक लावून दिला आणि म्हणाल्या, "किल्ली घरात न्हाई भाऊ. ते म्हणायचे, गटातच कुणाकडं तरी हाय."

एकेकजण खुर्चीत बसून आपल्या नावानं आत जाऊ लागला. मी कोपऱ्यात जीव मुठीत धरून. पाट्या पोकळ आहेत हे आता सगळ्यांना कळणार होतं आणि पंगतीतून उठून जाणाऱ्या या मंडळींचा गट त्याच खोलीत फुटणार होता. दिगंबररावांनी आपलं नाव टाकलं. त्यांच्या एका पानापलीकडं काहीच उघडेना. त्यांचा चेहरा उतरला. शेवटी उरले मारोतराव. "मी न्हाई बसत," ते भिंतीला चिकटून म्हणाले. "मी फक्त माझ्या पानावर भाव टाकतो. बाकीकडं बघत बी न्हाई."

वहिनी म्हणाल्या, "बसा भाऊ. त्यांचीच खुर्ची हाय."

मारोतराव बसले. दोन बोटांनी नाव टाकलं, आणि पडद्याच्या कडेला सगळीच्या सगळी बटणं उभी राहिली. ज्यानं एकदा सगळं मोडून स्वतःच्या हातानं जोडलं होतं, त्याच्याच हाती वसंतानं सगळं ठेवलं होतं. मारोतरावांनी आधी प्रत घेतली, मग ताजं करायचं बटण दाबलं, आणि ऑर्डरचं पान उघडलं. आता सगळ्यांच्या नजरा दिगंबररावांकडं. ते पडद्याकडं पाहत राहिले, मग वसंताच्या त्या खुर्चीकडं... आणि एकदम मोठ्यानं बोलून गेले :

"बरं केलंस रे बाबा वसंता, मला न्हाई दिलंस! मी तर पहिल्याच आठवड्यात तिथं माझा पुतळा बसवला असता!"