आधी पऱ्हे, मग चिखल

आमच्या शाळेतले मराठीचे सर प्रत्येक वाक्य 'समजलं ना' म्हणून संपवतात आणि उत्तराची वाट पाहत नाहीत. सातवीला त्यांनी 'धानाची रोवणी कशी करावी' हा निबंध दिला. फळ्यावर मुद्दे लिहिले: आधी पऱ्हे (धानाची रोपं) रोवा, मग चिखल करा.

एक मुलगी उठली. "सर, चिखल केल्याबिगर पऱ्हे कुठी रोवाचे?"

"गाइडमध्ये असंच आहे, समजलं ना."

तिनं वहीत बरोबर क्रम लिहिला. सरांनी तो लाल पेनानं खोडला आणि 'सुधारून लिही' असा शेरा मारला. तिनं गाइडप्रमाणे सुधारलं. तो निबंध आता भिंतीवर 'उत्कृष्ट' म्हणून लागलाय.

पालकसभेत तिच्या बापानं तो वाचला आणि मला हळूच विचारलं, "बाई, हे सर कोन्या शहरातले हायेत?"

"इथलेच," मी म्हटलं. "तुमच्या बांधीले लागून जे ठेक्यानं दिलेलं शेत आहे, ते त्यांचंच."